सॅटिनची टोपी

तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही. शिवणकामाचा हा फायदा कुणी सांगत नाही. कृपा स्टुलावर उभी होती, मी खाली गुडघे टेकून तिच्या लग्नाच्या गाऊनचा घेर टाचत होते, आणि ती वरून पुन्हा पुन्हा तेच विचारत होती.

"आई, तू हो म्हणशील ना?"

मी टाचण्यांमधून "हं" केलं.

"हं नाही चालत तिथे. हो म्हणावं लागतं."

"हलू नकोस, टोचेल," मी टाचण्या काढून म्हणाले आणि पुन्हा तोंडात घातल्या.

गाऊन तिने सेलमध्ये घेतला होता. फार सुरेख, पण बिनबाह्यांचा. युटामध्ये अशा गाऊनला बाह्या लावून देणं हाच माझा धंदा. मॉर्मन मुलीचं लग्न टेंपलमध्ये लागतं आणि टेंपलमध्ये उघडे खांदे चालत नाहीत. दुकानात मात्र बघावा तो गाऊन उघड्या खांद्यांचा. या दोहोंच्या फटीत आमचं घर चाललं होतं. परक्या पोरींना मी इतक्या बाह्या लावल्या की स्वर्गातल्या सगळ्या देवदूतांना पुरून उरल्या असत्या. या वेळची बाही माझ्या लेकीची होती, आणि ती बाही जिथे मिरवणार होती तिथे मला शिरता येणार नव्हतं.

ते जरा नीट सांगते. रविवारच्या चर्चमध्ये कुणीही येऊन बसावं. टेंपलचं तसं नाही. तिथे जायला कार्ड लागतं. कार्डासाठी मुलाखत द्यावी लागते आणि मुलाखतीत ठरलेले प्रश्न असतात. त्यातला एक असा की, जोसेफ स्मिथच्या हातून देवाने खरा धर्म पुन्हा उभा केला, याची तुम्हाला मनापासून खात्री आहे का? कार्ड नसलं की मग नवरीची आई असो नाहीतर राज्याचा गव्हर्नर असो, त्याने बाहेर बसायचं. माझं कार्ड कधीच संपलं होतं आणि मी ते नवं करून घेतलं नव्हतं.

"पप्पा म्हणतात, हो म्हणताना डोक्यात काही आणायचंच नाही," कृपा म्हणाली.

"तुझ्या पप्पांना सराव आहे."

ती हसली नाही. स्टुलावरून खाली बघत म्हणाली, "आणि मुलाखत घेणारे स्पेन्सरचे डॅडच आहेत गं. घरचंच माणूस."

या होणाऱ्या व्याह्यांपाशीच तर सगळं अडलं होतं.

आम्ही मूळचे नगरचे. उजागरे म्हणजे चार पिढ्यांचे ख्रिस्ती, मिशनच्या कंपाउंडात वाढलेले. ह्यांच्या मावसभावाने बोलावलं म्हणून युटाला आलो, तेव्हा आमच्याकडे एक गादी, एक प्रेशर कुकर आणि दोन वर्षांची कृपा होती. बाहेर गुडघाभर बर्फ. दारावर टकटक झाली आणि शेजारच्या चार बायका आत आल्या. एकीच्या हातात बटाटे आणि चीज भाजून केलेलं भलं मोठं ताट, एकीकडे कृपाचे बूट, एकीकडे माझ्यासाठी कोट. चौथी काही आणायचं राहिलं म्हणून आमच्या बाथरूमची फरशी पुसायला लागली. कोण तुम्ही, विचारलं तर म्हणाल्या, मॉर्मन. माझा विश्वास त्याच क्षणी बसला. पुढचं सगळं, म्हणजे टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे, त्यांवर कोरलेली जुन्या लोकांची हकीकत, ते पत्रे शेतकऱ्याच्या तरुण पोराला, जोसेफ स्मिथला, दाखवणारा देवदूत, आणि त्या पोराने त्यांवरून सांगून लिहवलेलं पुस्तक, हे कोटाबरोबरच घरात आलं. ऊब खरी होती. कोटाचं अस्तर उसवून कोण बघतं?

मी बघितलं. मला खोडच तशी. शिवण मी कुणाकडे शिकले नाही. नगरला बायकांचे जुने ब्लाउज उसवून, कुठली टीप आधी आणि कुठली मग, हे बघून शिकले. पुस्तकंही मी तशीच वाचते. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पण गावच्या लायब्ररीतलं मॉर्मनांच्या इतिहासाचं कपाट मी हिवाळ्यात एकेक खण करत संपवलं. तेही भक्तिभावाने.

रविवारच्या शाळेत मला लहान मुलांचा वर्ग दिला होता. कृपाही त्याच वर्गात, सात-आठ वर्षांची. भिंतीवर चित्र होतं: जोसेफ टेबलाशी बसलाय, पुढ्यात सोन्याचे पत्रे, ओळीवर बोट, चेहरा इन्कम टॅक्सच्या कारकुनासारखा गंभीर. एका पोराने विचारलं, त्याला ती भाषा वाचता कशी आली? मी वाचलेलं ते सांगितलं. तो पत्र्यांकडे बघतच नसे. पांढऱ्या टोपीत एक दगड ठेवायचा, टोपीत तोंड खुपसायचं, आतल्या अंधारात त्या दगडावर अक्षरं उजळायची. हा मोठ्याने सांगायचा आणि दुसरं कुणीतरी लिहून घ्यायचं. मी यात टर उडवली नाही. मला तर भिंतीवरच्या चित्रापेक्षा हेच आवडलं होतं. मी खुंटीवरची माझी लोकरी टोपी काढून फिरवली, पोरांनी एकेक करून आत तोंड घातलं. छान झाला तास.

पुढच्या रविवारी बिशपने बोलावलं. बिशप म्हणजे आपल्याकडचे लांब झगेवाले नव्हेत. मॉर्मनांत कुणीतरी संसारी गृहस्थ काही वर्षं बिनपगारी बिशप होतो. आमचे बिशप सॉरेन्सन हे दातांचे डॉक्टर. आठवडाभर कीड काढायची आणि रविवारीही कीडच काढायची. ते मला फार हळुवारपणे म्हणाले की टोपीची ही गोष्ट आपल्या शत्रूंनी रचलेली आहे, आणि सिस्टर उजागॅरी भोळेपणाने तिला बळी पडल्या. मॉर्मनांत प्रत्येक बाई सिस्टर; आणि उजागरे हे आडनाव त्यांना कधी म्हणता आलं नाही. मी म्हटलं, हे मी जोसेफच्या बायकोच्या तोंडचं वाचलंय. ते म्हणाले, तिच्या तोंडी घातलंय लोकांनी. ते रागावले असते तर परवडलं असतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि वर्ग काढून घेतला. शेजारच्या खुर्चीत हे बसले होते आणि गालिच्याची वीण मोजत होते.

नव्या बाईंनी मुलांना सांगितलं की सिस्टर उजागॅरींनी चुकून एक खोटी गोष्ट सांगितली होती, ती विसरून जा. त्या दिवशी घरी येताना गाडीच्या मागच्या सीटवरून कृपाने विचारलं, "आई, तू खोटं का सांगितलंस?"

हे गाडी चालवत होते. दोन सिग्नल गेले तरी हे बोलले नाहीत. नवऱ्याचं गप्प बसणं मी पुढेमागे पोटात घातलं; विजेचं काम करणारा माणूस, जिवंत तारेला हात लावायचा नाही हे त्याच्या अंगात मुरलेलं. पण सॉरेन्सनना सोडलं नाही. माझ्या लेकीच्या मनात 'आई खोटं बोलते' हे वाक्य त्यांनी घातलं होतं, भूल न देता. ते मला त्यांच्याच तोंडून बाहेर काढून घ्यायचं होतं, तिच्यादेखत. त्याला कितीही वर्षं लागोत, मला घाई नव्हती.

दरम्यान मी उसवतच गेले. तोंड टोपीत असेल तर पत्र्यांकडे बघणार कोण? ते म्हणे फडक्यात गुंडाळून ठेवलेले असत, कधी तर त्या खोलीतही नसत. मग शतकानुशतकं ते पुरून ठेवायचे कशाला, आणि देवदूताला राखणीला बसवायचं कशाला? गिऱ्हाइकाने कापड आणून द्यावं, ते मी कपाटात कुलपात ठेवावं, आणि ब्लाउज भलत्याच कापडाचा शिवून द्यावा, तशातली गत. ही एक टीप सुटली आणि बाकीच्या आपोआप निघत गेल्या. श्रद्धा गेली तेव्हा मी काही मोठ्याने रडले नाही. शेजारणींना मात्र मी कधी तोडलं नाही. बाथरूमची फरशी पुसणारी बाई खरीच होती.

मग, कृपाचं लग्न ठरायच्या आदल्या वर्षी, चर्चने स्वतःच आपल्या मासिकात त्या दगडाचा फोटो छापला. चॉकलेटी, अंड्याएवढा, अंगावर पट्टे. खाली सगळं सरळ लिहिलेलं, टोपीसकट. सॉरेन्सन तोवर आसपासच्या आठ-दहा चर्चांचे प्रमुख झाले होते. त्यांना आता प्रेसिडेंट म्हणायचं. मी वाट बघितली. रविवारमागून रविवार गेले. त्यांचा फोन नाही, चिठ्ठी नाही. चर्चच्या दारात भेटले तर हवा छान आहे म्हणाले. घरी मी ते मासिक जेवायच्या टेबलावर उघडं ठेवलं होतं. कृपाने ते बंद करून त्यावर फळांची परडी ठेवली. आणि पुढच्याच उन्हाळ्यात ती म्हणाली, तिचं सॉरेन्सनांच्या स्पेन्सरवर मन बसलंय. देवावरचा माझा विश्वास उडाला होता, पण त्याच्या विनोदबुद्धीवरचा नाही.

मुलाखती दोन असतात. पहिली आमच्या नव्या कोवळ्या बिशपने माझ्या "हं"वरच उरकली. खरं सांगायचं तर मी खोटं बोलणारच नव्हते असं नाही. लेकीच्या लग्नासाठी आई याहून मोठं खोटं बोलते. दुसऱ्या, सॉरेन्सनांच्या मुलाखतीला निघाले तेव्हा मी तिथेही "हो" म्हणायचंच ठरवलं होतं. पण आत गेले तर खोली तीच, खुर्ची तीच, फक्त गालिचा बदललेला. आणि ते तसेच हळुवार.

बोलणं इंग्रजीत झालं. माझ्या कानात ते मराठीतच राहिलंय.

त्यांनी देवाबद्दल विचारलं, मी हो म्हटलं. येशूबद्दल विचारलं, तेही हो. तो तर आमचा नगरपासूनचाच. मग तो जोसेफचा प्रश्न आला. मी म्हटलं, "त्याआधी मला एक विचारायचंय. टोपीची गोष्ट खरी की खोटी?"

ते समजले. दातांचे डॉक्टर बरोब्बर ओळखतात कुठे दुखतंय ते. खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "सिस्टर उजागॅरी, त्या वेळी आम्हाला जे ठाऊक होतं ते आम्ही सांगितलं."

"मला ठाऊक होतं."

"हो, तुम्हाला होतं."

"मग ते कृपासमोर सांगा. तुमच्या सुनेसमोर. तेव्हा प्रमिला उजागरे खरं बोलली होती आणि मी तिला खोटं पाडलं, एवढंच."

त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग म्हणाले की इतकी जुनी गोष्ट, पोरीला आठवतही नसेल. लग्नाच्या आनंदात जुनी खपली कशाला काढायची. त्यांनी कार्डावर सही केली आणि कार्ड टेबलावर माझ्या बाजूला अर्ध्यापर्यंत सरकवलं. "तुम्ही नुसतं हो म्हणा. एका आईचं 'हो' देव समजून घेतो."

म्हणजे मी खरं बोलले तेव्हा खोटी ठरले होते, आणि आता खोटं बोलले तर चालणार होतं. कार्ड अर्ध्या टेबलावर होतं. हात लांब करायचा अवकाश.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी कार्ड हळूच मागे घेतलं. वाईट वाटलं त्यांना, ते मला दिसलं. आणि मग माझं सांत्वन करावं म्हणून त्या भल्या माणसाने आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. ते म्हणाले, "तुम्ही तिथे एकट्या नसाल. आमची नातवंडं बाहेरच असतील, ती लहान आहेत. कुणीतरी त्यांच्याजवळ बसायला हवंच होतं. आणि तुम्हाला मुलांची आवड आहे, मला आठवतं."

ज्या माणसाने माझ्या हातून मुलांचा वर्ग काढून घेतला होता, त्यानेच तो मला परत दिला. मी उठून त्यांचे आभार मानले. अगदी मनापासून.

घरी कळल्यावर ह्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, अगं, एक शब्द बोलायला काय जात होतं तुझं? मी म्हटलं, तुमचे दोन सिग्नल गेले होते तेव्हा काय गेलं ते आठवा. हे उठून आंघोळीला गेले.

कृपा मात्र गेली नाही. दारात उभी राहून म्हणाली, "माझ्या लग्नापेक्षा तुला तुझा तो दगड मोठा."

"दगड माझा नाही, तुमच्या चर्चचा आहे."

"सगळे विचारतील, नवरीची आई कुठेय."

"सांग, बाहेर मुलं सांभाळतेय. तुझ्या सासऱ्यांनीच सांगितलंय."

ती नुसती बघत राहिली. लहानपणी गाडीतल्या आरशात दिसायची तशीच. मग म्हणाली, "बाह्या तरी नीट लाव," आणि गेली.

बाह्या मी अशा लावल्या की आजवर कुणाला लावल्या नव्हत्या. काखेत छोटी कळी घालून थोडी ढील ठेवली, म्हणजे कुणाच्या गळ्यात हात टाकला तरी कुठे ताण पडू नये. गाऊनशी जुळणारं सॅटिन मी गजभर जास्तच आणलं होतं. त्या उरलेल्या कापडाची मी एक टोपी शिवली. खोल, उभट, आतून दुहेरी पांढरं अस्तर, उजेडाचा ठिपका आत येणार नाही अशी. हे विचारायला आले की हे काय, तर म्हटलं, मुलांना खेळायला.

लग्नाच्या दिवशी सकाळी सगळे काचेच्या दारातून आत गेले. हे टाय सारखा करत, माझ्याकडे न बघता. कृपा गाऊन पिशवीत घेऊन; तिने मागे वळून पाहिलं आणि दार मिटलं. मी हिरवळीवर, गुलाबांच्या ताटव्याशी बाकावर बसले. सॉरेन्सनांच्या मोठ्या लेकीने आपली चार पोरं माझ्या हवाली केली आणि अगदी गहिवरून म्हणाली की तुमचे उपकार कसे फेडू. मी म्हटलं, असू दे.

आधी मी त्यांना शंकरपाळी दिली. थोरली हेली, नऊ-दहा वर्षांची, वकिलाच्या वळणाची. तिच्या पाठचा मेसन, त्याचे पुढचे दोन दात पडलेले. मग एक गप्प गप्प मुलगा, आणि शेंडेफळ मिली, जिला सगळं चाटून बघायचं असायचं. शंकरपाळी संपल्यावर हेलीने विचारलं, आता काय करायचं? मी पिशवीतून टोपी काढली.

मी त्यांना एकही शब्द जास्तीचा सांगितला नाही. चर्चने छापलं होतं तेवढंच. ते मला पाठ होतं. मिलीने ताटव्यातून एक गोल दगड आणला, चाटून बघितला आणि टोपीत टाकला. गप्प पोराने तोंड घातलं आणि म्हणाला, अंधार आहे. मिलीने घातलं आणि टोपीतच शिंकली. मग मेसनची पाळी. तो कानापर्यंत आत गेला, आणि आतून घुमणारा आवाज आला:

"आणि असं झालं की आजोबांनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं."

सगळी हिरवळीवर लोळायला लागली. हेली म्हणाली, थांब, थांब, हळू सांग, मी लिहून घेते. आणि तिने हवेतच लिहायला सुरुवात केली. मेसन सांगत गेला; मॉर्मनांच्या त्या पुस्तकातही पानोपानी वाक्यं 'आणि असं झालं की'नेच सुरू होतात. आणि असं झालं की मिलीला जास्त दिलं नाही, कारण तिने पाप केलं होतं. आणि असं झालं की मेसनला दोन मिळाले. तो अडखळत नव्हता. अध्यायामागून अध्याय येत होते. मी बाकावर बसून ऐकत होते. त्या दिवसापर्यंत मी एवढी पुस्तकं वाचली होती, पण अशी शिकवणी कुणी घेतली नव्हती.

हेलीने मात्र लिहिता लिहिता हात थांबवला. "तुम्ही म्हणता तसं आम्हाला कुणी सांगितलं नाही. आमच्या घरी चित्र आहे, त्यात टोपी नाही."

"ती खोटं सांगतेय," मेसन टोपीतून म्हणाला.

"आजोबांना विचारा," मी म्हटलं. "ते प्रेसिडेंट आहेत. त्यांना सगळं ठाऊक असतं."

आणि तेव्हाच दारं उघडली.

टेंपलमधून नवरा-नवरी बाहेर येतात तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या. कृपा उन्हात आली, तिने डोळ्यांवर हात धरला, आणि माझी पहिली नजर, देवा रे, बाहीवर गेली. कुठे चुणी नव्हती. तिच्यामागे स्पेन्सर, हे, विहीणबाई, आणि पांढऱ्याशुभ्र केसांचे प्रेसिडेंट सॉरेन्सन, डोळे पाणावलेले. फोटोग्राफर सगळ्यांना पायऱ्यांवर उभं करत होता.

हेली धावत सुटली. मागून मेसन, टोपी हातात धरून.

"आजोबा, कृपाच्या आई म्हणतात की जोसेफने टोपीत दगड ठेवून, टोपीत तोंड घालून पुस्तक सांगितलं. मेसन म्हणतो त्या खोटं बोलतायत. त्या खोटं बोलतायत का?"

पायऱ्यांवरचं हसणं विझलं. विहीणबाईंनी हेलीचा दंड धरला, पण हेली वकिलाच्या वळणाची. फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून तसाच थांबला. प्रेसिडेंट सॉरेन्सननी माझ्याकडे पाहिलं. मी बाकावरून उठले नाही. पदर सारखा केला, हात मांडीवर ठेवले, आणि दातांच्या डॉक्टरपुढे पेशंट बसतो तशी बसून राहिले.

आपल्या टेंपलच्या दारात, नातवंडापुढे, ते खोटं बोलणार नव्हते. हे मला ठाऊक होतं. ते चांगले गृहस्थ होते म्हणूनच हे जमलं. लबाडाला मला असं पकडता आलं नसतं.

"नाही," ते म्हणाले. "खरं आहे ते."

"टोपी पण?"

"टोपी पण."

मग मी बोलले. फार मोठ्याने नाही. "आणि तेव्हा, प्रेसिडेंट सॉरेन्सन? माझ्या वर्गात?"

त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी कृपाकडे पाहिलं. मला तेच हवं होतं, त्यांनी माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून बोलायला हवं होतं.

"तेव्हाही त्या खरंच बोलल्या होत्या," ते तिला म्हणाले. "चूक माझी होती."

इतकी वर्षं मनात घोकलेलं वाक्य प्रत्यक्ष ऐकलं, आणि सांगते, गोड लागलं. लोक म्हणतात सूड कडू असतो, मन पोखरतो. मला तसा काही अनुभव नाही. भाजलेल्या शेंगदाण्यावर गूळ ठेवावा तसं लागलं ते, आणि मी ते सावकाश चावलं.

हेलीचं मात्र संपलेलं नव्हतं. "मग आजोबा," ती म्हणाली, "टोपीतच दिसत होतं तर सोन्याचे पत्रे कशाला हवे होते?"

 फोटोग्राफर म्हणाला, ऊन सरकतंय, आधी कुटुंबाचा फोटो घेऊ. लोक भराभरा पायऱ्यांवर उभे राहिले. इतक्या झटपट हललेलं वऱ्हाड मी नगरलाही पाहिलं नव्हतं. ह्यांनी मात्र बाकापर्यंत येऊन माझ्या खांद्याला नुसता हात लावला. जिवंत तारेला लावावा तसा, पण लावला.

कृपा पायऱ्यांवर गेली नाही. ती गाऊनचा घोळ उचलून हिरवळीवरून माझ्याकडे आली. मेसनच्या हातातून तिने टोपी घेतली, उलटीपालटी केली, आपल्या बाहीला लावून बघितली. कापड तेच होतं. एवढ्या सुंदर दिवशी, तिच्या गाऊनच्या कापडातून मी काय शिवत बसले होते, ते तिला समजलं. माझी लेक आहे. टीप बघून बाई ओळखते.

"हे तू आधीच ठरवलं होतंस," ती म्हणाली.

"हो."

मुलाखतीतही मी असं स्वच्छ हो म्हटलं नव्हतं.

मला वाटलं आता ती टोपी माझ्या अंगावर टाकेल. तिने टोपी उघडली आणि तिच्यात तोंड घातलं. मेसन हसला, मीही हसायला लागले. मला वाटलं, पोरीने खेळात घेतलं. मग बघितलं तर तिचे खांदे हलत होते. दोन्ही हातांनी टोपी तोंडाशी घट्ट दाबलेली, कोपर वर उचललेले, आणि बाहीवर कुठे ताण नव्हता. ढील बरोब्बर पडली होती. मी तेच बघत राहिले, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं.

आतून आवाज आला, घुमणारा, लांबचा. "आई, मी तुझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. पप्पांच्या शेजारी. शेवटपर्यंत रिकामी ठेवली. मला वाटलं, तू हो म्हणून येशील."

पायऱ्यांवरून तिला हाका येत होत्या. तिने तोंड बाहेर काढलं, माझ्या पदराने पुसलं, टोपी माझ्या हातात दिली आणि फोटोसाठी गेली. त्या फोटोत सगळे हसतायत. प्रेसिडेंट सॉरेन्सन जरा कमी.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. कृपाला दोन मुली आहेत. त्या आल्या की टोपी मागतात, कारण आतेभावंडांकडून त्यांनी आइस्क्रीमचा अध्याय ऐकलाय. मी त्यांना दुसरी टोपी देते, लोकरीची. सॅटिनची कपाटात वेगळी ठेवली आहे. तिच्या पांढऱ्या अस्तरावर काजळाचे दोन डाग आहेत, डोळ्यांच्या अंतरावर. असले डाग कसे काढायचे ते मला चांगलं माहीत आहे. गिऱ्हाइकांचे रोज काढते. थोडा साबण, थोडं कोमट पाणी, आणि उन्हात.

काढलेले नाहीत.